पौर्णिमा, अमावास्या आणि भूकंप : पंचांग हाताशी घेऊन स्वतः पडताळणी कशी करावी

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावलच्या पट्ट्यात, जमीन हादरल्याची वार्ता आली की लोकांचा पहिला प्रश्न "केवढा होता?" हा नसतो, तर "आज तिथी कोणती?" हा असतो. अशी काही वार्ता पौर्णिमेच्या सुमारास कानावर आली, की माझी मोठी माय "आज पुनव शे, घरमा निजू नका," असे म्हणून सगळ्यांची अंथरुणे अंगणात काढायला लावत असे. घर धाब्याचे होते आणि छतावर हातभर मातीचा थर होता, त्यामुळे तिची भीती मुळीच अनाठायी नव्हती. मात्र ती भीती तिथीशी जोडणे बरोबर की चूक, हे तपासण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. आज ते आपल्याजवळ आहे. भूकंपांच्या नोंदी मोफत मिळतात, तिथी पंचांगात छापलेली असते आणि लागणारा हिशेब नववी-दहावीच्या मुलांना जमण्याजोगा आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. ही पडताळणी कशी करावी, तीत पाय कुठे घसरतो आणि आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावा, हे पुढे मांडत आहे.

आधी दावा नेमका करून घ्यावा

पडताळणीची सुरुवात आकड्यांपासून करू नये. चंद्राचा भूकंपाशी संबंध असेलच, तर तो कोणत्या मार्गाने असू शकेल, हे आधी समजून घ्यावे, म्हणजे काय शोधायचे ते ठरते.

चंद्र पृथ्वीच्या जवळच्या बाजूला केंद्रापेक्षा थोडे अधिक ओढतो आणि दूरच्या बाजूला केंद्रापेक्षा थोडे कमी ओढतो. या ओढीतील फरकालाच भरतीबल म्हणतात. हे बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सुमारे ३ लाख ५७ हजार किलोमीटरवर असतानाचे भरतीबल तो सर्वांत दूर, सुमारे ४ लाख ६ हजार किलोमीटरवर असतानाच्या भरतीबलापेक्षा जवळजवळ दीडपट भरते. सूर्याचे भरतीबल चंद्राच्या निम्म्याहून थोडे कमी आहे. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही वेळी सूर्य, चंद्र व पृथ्वी जवळपास एका रेषेत येत असल्यामुळे दोघांचा परिणाम एकत्र होतो आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असल्यामुळे भांगाची, म्हणजे लहान भरती येते. आपली तापी जिथे समुद्राला मिळते, त्या सुरतेच्या खाली हा फरक डोळ्यांनी दिसतो, आणि खंबातच्या आखातात तर उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी दहा मीटरच्या घरात खालीवर होते.

भरती केवळ पाण्याला येते असे नाही. ज्या काळ्या जमिनीवर केळीची बाग उभी आहे, ती जमीन आणि तिच्याखालचा बेसाल्टही दिवसातून दोनदा साधारण तीस-चाळीस सेंटिमीटर वर येतो आणि खाली बसतो. शेकडो किलोमीटरचा प्रदेश एकदमच हलत असल्यामुळे ही हालचाल आपल्याला जाणवत नाही. या चढउतारामुळे खडकांतील ताण काही किलोपास्कलनी बदलतो. घरातील रांजणात हातभर पाणी असेल, तर त्याच्या तळावर पडणारा दाब साधारण एवढाच असतो. याउलट भूकंपात मोकळा होणारा ताण एक ते दहा मेगापास्कल, म्हणजे याच्या हजारपटींच्या आसपास असतो.

एवढ्यावरून "मग चंद्राचा काहीच संबंध नाही" असे म्हणून मोकळे होणे मात्र घाईचे ठरेल. भूपट्टांच्या सीमेवर जमिनीच्या हालचालीमुळे वर्षभरात जेवढा ताण साठतो, तेवढा भरतीबल काही तासांत वाढवते आणि काही तासांत उतरवते. आपल्यासारख्या भूपट्टाच्या आतल्या प्रदेशात तर ताण त्याहून पुष्कळ सावकाश साठतो. एखादा भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकतात अशी भेग, तुटण्याच्या अगदी काठावर आला असेल, तर शेवटचा हलका धक्का भरतीबलाने द्यावा, हे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अशक्य नाही. तसे असूनही प्रत्येक भूकंप भरतीच्या तासालाच का होत नाही, याचे उत्तर प्रयोगशाळेत खडक तोडून मिळाले आहे. ताण वाढला की खडक लगेच तुटतो असे नसते. तुटण्याची तयारी काही काळ चालते, आणि ती भरतीच्या सहा तासांपेक्षा लांबली, तर मधले चढउतार एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात.

जिथे भ्रंश विशेष नाजूक असतात किंवा भरतीचा ताण विशेष मोठा असतो, तिथे हा संबंध खरोखर दिसलेला आहे. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या यंत्रांनी १९६९ ते १९७७ या काळात नोंदवलेले खोल चंद्रकंप पृथ्वीच्या भरतीबलाच्या सुमारे २७ दिवसांच्या तालावर होतात. प्रशांत महासागराच्या तळाशी, अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापासून दूर असलेल्या अॅक्सियल या ज्वालामुखीवर ओहोटीच्या वेळी, म्हणजे वरच्या पाण्याचे ओझे कमी झाल्यावर, लहान धक्के वाढतात. कॅलिफोर्नियातील सॅन अँड्रियास भ्रंशाच्या खोल भागात होणारी मंद थरथर भरतीबलाबरोबर कमीजास्त होते. २००४ मध्ये एलिझाबेथ कॉक्रन, जॉन विडेल आणि साचिको तानाका यांनी समुद्रकाठच्या उथळ भ्रंशांवरील भूकंपांत, भरतीचा ताण मोठा असताना, स्पष्ट संबंध दाखवला. २०१६ मध्ये सातोशी इदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की अतिशय मोठे भूकंप भरतीच्या ताणाचा चढउतार मोठा असण्याच्या काळात होण्याकडे कल दिसतो, पण लहान भूकंपांत तो कल दिसत नाही. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातील सुझन हफ यांनी २०१८ मध्ये गेल्या चार शतकांतील ८ किंवा त्याहून मोठ्या भूकंपांची यादी घेऊन चंद्राच्या कलांशी ताडून पाहिली आणि संबंध आढळत नाही, असा निर्वाळा दिला.

ही दोन निरीक्षणे एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटते, पण तसे नाही. २०११ चा जपानचा भूकंप शुक्ल षष्ठीला झाला, तरी इदे यांच्या यादीत तो ताण मोठा असण्याच्या काळात मोडतो, कारण त्यांनी त्या भ्रंशावर, त्या जागी, त्या दिवसांत समुद्राच्या पाण्याच्या ओझ्यासह येणारा ताण काढला होता. तिथी ही संपूर्ण पृथ्वीसाठी एकच असते. भ्रंशावरचा ताण मात्र जागेनुसार, भ्रंश कसा झुकला आहे त्यानुसार आणि समुद्र किती जवळ आहे त्यानुसार बदलतो. हा फरक ज्याने मनात पक्का केला, त्याची अर्धी चूक तिथेच टळते.

तेव्हा आपण तपासणार तो दावा असा लिहून काढावा : "पौर्णिमा व अमावास्येच्या आसपास भूकंपांचे प्रमाण अष्टमीच्या आसपासच्या प्रमाणापेक्षा अधिक असते." वहीच्या पहिल्या पानावर हे वाक्य शाईने लिहावे, खाली तारीख घालावी, आणि त्यानंतरच भूकंपांची यादी उघडावी. ही अट जाचक वाटेल, पण ती का घालतो ते पुढच्या उदाहरणावरून कळेल.

चार भूकंपांचा मोह

नर्मदा, शोण आणि तापी यांच्या खोऱ्यांतून जाणारा भेगांचा पट्टा खानदेशाच्या उत्तर अंगाला लागून आहे. या पट्ट्यातील गेल्या शतकातले चार ठळक भूकंप घ्यावेत. २ जून १९२७ रोजी शोणच्या खोऱ्यात रीवा भागात भूकंप झाला. अमावास्येला तीन दिवस पुरे झाले नव्हते. १४ मार्च १९३८ रोजी खुद्द सातपुड्यात ६.३ च्या आसपासचा भूकंप झाला. पौर्णिमा दोन-अडीच दिवसांवर होती. २३ मार्च १९७० रोजी भडोचला हादरा बसला, तो होळी पौर्णिमेच्या सुमाराचा. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. यात किल्लारीही जोडता येईल : ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची होती. आणि २६ डिसेंबर २००४ रोजी, सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेची गर्दी जमत असताना, सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप होऊन त्सुनामी उसळली.

ही यादी पहिल्यांदा मांडली, तेव्हा मलाही काही वेळ दुसरे काही सुचले नाही. चारपैकी चार! पण आता हिशेब करून पाहावा. पौर्णिमा आणि अमावास्या यांच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन दिवस धरले, तर साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासातील बारा दिवस त्यात मोडतात, म्हणजे शेकडा एक्केचाळीस. कोणताही संबंध नसताना एखादा भूकंप या बारा दिवसांत पडण्याची शक्यताच एवढी मोठी आहे. चारही भूकंप निव्वळ योगायोगाने त्यात पडण्याची शक्यता शंभरात तीनच्या जवळपास येते. हा आकडा लहान वाटतो खरा, परंतु तीन दिवसांची चौकट मी कधी आखली? रीवाचा भूकंप आत बसावा, म्हणून घटना पाहिल्यानंतर. चौकट दीड दिवसाची केली, तर चारपैकी भडोच आणि जबलपूर हे दोनच आत राहतात, आणि चारपैकी किमान दोन योगायोगाने आत पडण्याची शक्यता शंभरात एकोणीसच्या जवळपास होते. म्हणजे त्याच चार भूकंपांवरून, चौकट हवी तशी सरकवून, "संबंध पक्का" असेही म्हणता येते आणि "यात विशेष काही नाही" असेही म्हणता येते. शिवाय ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप शुक्ल दशमीच्या आसपासचा आणि २५ एप्रिल २०१५ चा नेपाळचा भूकंप शुक्ल सप्तमीचा. भूकंपाचा पौर्णिमेशी संबंध जोडणारे जे संदेश फिरतात, त्यांत यांची नावे कधी येत नाहीत. जुळलेले तेवढे स्मरणात राहते.

म्हणून चौकट आखण्याची पद्धतच सोडून द्यावी आणि पंधराही तिथ्यांना समान वागणूक मिळेल अशी रीत वापरावी. ती रीत सांगण्याआधी यादीचे काम पाहू, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

यादी कशी तयार करावी

राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर भारतातील भूकंपांच्या नोंदी मिळतात आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर जगभरच्या. दोन्हीकडे अक्षांश-रेखांशांची चौकट, काळ आणि किमान परिमाण (भूकंप केवढा मोठा, हे सांगणारा आकडा) देऊन यादी उतरवून घेता येते. आपल्या पट्ट्यासाठी उत्तर अक्षांश २० ते २४.५ आणि पूर्व रेखांश ७२ ते ८३ एवढी चौकट पुरे. दोन यादी एकमेकींत मिसळू नयेत. एकच भूकंप दोन्हीकडे थोड्या वेगळ्या वेळेने व परिमाणाने नोंदलेला असतो आणि तो दोनदा मोजला जातो.

यानंतर वेळ पाहावी. जागतिक यादीतील वेळ ग्रीनिचची असते. तीत साडेपाच तास मिळवल्यावर भारतीय प्रमाणवेळ येते. ही बाब क्षुल्लक नाही. जबलपूरचा भूकंप आपल्या घड्याळाने २२ मेच्या पहाटे सव्वाचारनंतर झाला, पण जागतिक यादीत तो २१ मे अशा तारखेने दिसतो. कोयना तिथे १० डिसेंबरला आणि किल्लारी २९ सप्टेंबरला दिसते. आमच्या वर्गाने केलेल्या पहिल्या यादीत ही चूक राहिली होती, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतला प्रत्येक भूकंप एक तिथी मागे सरकला होता. एका मुलीने किल्लारीची तारीख घरी आजोबांना विचारली, म्हणून ती लक्षात आली.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कंटाळवाणे आहे. मोठ्या भूकंपानंतर आठवडेच्या आठवडे लहान धक्के बसत राहतात. ते मुख्य भूकंपाची पिल्ले असतात, स्वतंत्र घटना नव्हेत. मुख्य भूकंप पौर्णिमेला झाला, तर त्याच रात्रीचे आणि दुसऱ्या दिवसाचे डझनावारी धक्के पौर्णिमेच्या खात्यावर चढतात आणि एका घटनेला पन्नास मते मिळतात. म्हणून प्रत्येक मोठ्या धक्क्यानंतर त्याच्या पन्नास किलोमीटरच्या परिसरातील लहान धक्के यादीतून काढून टाकावेत. मुख्य धक्का ४ च्या आसपासचा असेल तर दोन महिने, ६ च्या आसपासचा असेल तर दीड वर्षापर्यंतचे. लहान धक्क्यांची मालिकाच सुरू असेल आणि तीत मोठा असा एकही नसेल, तर त्या मालिकेतील सर्वांत मोठा धक्का ठेवून बाकीचे काढावेत. यादी निम्म्याहून लहान होईल आणि मुले हळहळतील, परंतु इथे हात आखडता घेऊ नये.

अगदी लहान धक्केही वगळावेत. दिवसा वाहने, मोटारी आणि कारखाने यांची थरथर इतकी असते, की दोनच्या आसपासचे धक्के यंत्रांच्या नोंदीत बुडून जातात आणि रात्रीच तेवढे सापडतात. त्यात दगडखाणीतील सुरुंगांची भर पडते. ते दिवसा उडवले जातात आणि काही वेळा भूकंप म्हणून नोंदले जातात. किमान परिमाण ३ किंवा त्याहून थोडे वर ठेवले, की ही अडचण बरीचशी मिटते.

तिथी कशी काढावी

इथे आपल्या पंचांगाचे मोल कळते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. म्हणजे तिथी ही चंद्राच्या कलेचे थेट मोजमापच आहे. परदेशातील अभ्यासकाला जो कोन गणिताने काढावा लागतो, तो आपल्या भिंतीवर टांगलेला असतो.

मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर विसंबू नये. तिच्यात दिवसाच्या चौकटीत सूर्योदयाला असलेली तिथी छापलेली असते, तर आपल्याला भूकंपाच्या क्षणी चालू असलेली तिथी हवी. त्यासाठी दाते पंचांगासारखे, तिथी किती वाजून किती मिनिटांनी संपते हे देणारे पंचांग घ्यावे. भूकंपाची वेळ समाप्तीच्या आधीची असेल तर तीच तिथी, नंतरची असेल तर पुढची. पहाटेचा भूकंप असेल तर आदल्या दिवसाच्या रकान्यात पाहावे, कारण पंचांगातील वार सूर्योदयाला बदलतो. जपान, चिली, तुर्कस्तान येथील भूकंपांनाही हेच पंचांग चालते. वेळ भारतीय प्रमाणवेळेत आणली की झाले, कारण तिथीचा क्षण सर्व जगात एकच असतो. जुन्या वर्षांची पंचांगे गावातल्या गुरुजींकडे किंवा तालुक्याच्या वाचनालयात बहुधा मिळतात, आणि मुलांना ती चाळायला लावणे हाही एक चांगला अभ्यास आहे.

उधाण पौर्णिमेला आणि अमावास्येला सारखेच येत असल्यामुळे दोन्ही पक्ष एकमेकांवर घडी घालून ठेवावेत. शुक्ल आणि कृष्ण प्रतिपदा एका रकान्यात, दोन्ही द्वितीया दुसऱ्या रकान्यात, असे करत पौर्णिमा व अमावास्या पंधराव्या रकान्यात येतात. प्रत्येक रकान्यात किती भूकंप पडले, ते मोजून लिहावे.

पटांगणावरची चाल

१८९७ मध्ये आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने भूकंपांतील ठराविक तालाची पडताळणी करण्याची एक सुंदर रीत सांगितली, आणि ती आजही भूकंपशास्त्रात वापरली जाते. ती कागदावर करता येते, पण शाळेच्या पटांगणावर केली तर कायमची समजते.

पटांगणाच्या मधोमध खुंटी ठोकून पाच मीटर दोरीने वर्तुळ आखावे आणि त्यावर चुन्याची फक्की टाकावी. होकायंत्राने उत्तर दिशा काढून वर्तुळावर खूण करावी. ही उत्तर म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या संपण्याचा, म्हणजे तिन्ही गोल एका रेषेत येण्याचा नेमका क्षण. उत्तरेच्या खुणेपासून पूर्वेकडे १ मीटर साडेचार सेंटिमीटरवर, सरळ टेप धरून, प्रतिपदेची खूण करावी. तिथून पुढे दर २ मीटर ८ सेंटिमीटरवर द्वितीया, तृतीया अशा खुणा करत गेले, की अष्टमी बरोबर दक्षिणेला येते आणि पंधरावी खूण उत्तरेच्या पश्चिमेला, प्रतिपदेइतक्याच अंतरावर येते. तशी ती आली नाही, तर मोजमापात चूक आहे असे समजून पुन्हा आखावे. प्रत्येक तिथीला अशी एक दिशा मिळाली.

आता एका मुलाने खुंटीपाशी उभे राहावे. यादीतील प्रत्येक भूकंपासाठी त्याच्या तिथीच्या दिशेने एक पाऊल टाकायचे. पावले सारखी पडावीत म्हणून अर्ध्या मीटरची काठी जमिनीवर ठेवून तिच्या मापाने चालावे. पावलांचा क्रम बदलला तरी शेवटची जागा बदलत नाही, त्यामुळे आधी प्रतिपदेची सगळी पावले, मग द्वितीयेची, असे चालणे सोयीचे. चालणारा खुंटीपासून दूर गेला तरी त्याने दिशा वर्तुळाच्या मध्यावरून पाहिलेलीच घ्यावी; त्यासाठी दुसऱ्याने मध्यावर उभे राहून त्या तिथीच्या खुणेकडे काठी रोखावी आणि चालणाऱ्याने त्या काठीला समांतर चालावे. सगळी पावले संपली की खुंटीपासून तो किती पावले दूर गेला, ते दोरीने मोजावे.

भूकंपांना तिथीची पर्वा नसेल, तर पावले सर्व दिशांना विखुरतील आणि चालणारा खुंटीच्या आसपासच घोटाळत राहील. भूकंप पौर्णिमा-अमावास्येला गोळा होत असतील, तर तो उत्तरेकडे दूर निघून जाईल. किती दूर गेल्यावर नुसता योगायोग म्हणणे कठीण होते, याचा हिशेब असा : भूकंपांच्या संख्येला तिनाने गुणून वर्गमूळ काढावे. एवढी पावले किंवा त्याहून दूर योगायोगाने जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. तिनाऐवजी ४.६ ने गुणले, तर ती शंभरात एक होते. साठ भूकंप असतील तर ही अंतरे सुमारे साडेतेरा आणि साडेसोळा पावले येतात; शंभर असतील तर सतरा आणि साडेएकवीस. वहीच्या पहिल्या पानावर यांपैकी कोणते अंतर मानणार आणि कोणती दिशा अपेक्षित आहे, तेही आधीच लिहिलेले असावे. पावले दूर गेली पण दक्षिणेला गेली, तर आपला दावा सिद्ध होत नाही, हे तेव्हाच मान्य केलेले बरे.

त्याच दिवशी हीच चाल आणखी एकदा करावी, पण खऱ्या यादीऐवजी चिठ्ठ्या काढून. एक ते पंधरा आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालाव्यात, एक काढून आकडा लिहावा, चिठ्ठी परत टाकावी, आणि भूकंपांइतक्याच वेळा हे करावे. या खोट्या यादीवर चालणारा मुलगाही पुष्कळदा खुंटीपासून सात-आठ पावले लांब जाऊन उभा राहतो. योगायोग किती दूर नेऊ शकतो, हे एकदा पायाने मोजले की पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

तिथीने काही निघाले नाही, म्हणून लगेच नक्षत्र, मग ग्रहण, मग चंद्राचे अंतर, मग वार, असे एकामागून एक तपासत जाऊ नये. वीस गोष्टी तपासल्या, तर शंभरात पाचच्या कसोटीवर त्यांतली एखादी सरासरीने नुसत्या योगायोगानेच उत्तीर्ण होते. दुसरी गोष्ट तपासायची असेल, तर तिच्यासाठी वहीचे नवे पान, नवे वाक्य आणि शक्य तो नवी यादी घ्यावी.

किती भूकंप पुरेसे

इथे आपल्या पट्ट्याच्या यादीची मर्यादा उघड सांगितली पाहिजे. समजा उधाणाच्या दिवसांत भूकंपांचे प्रमाण सरासरीपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त आणि भांगाच्या दिवसांत तेवढेच कमी आहे. एवढा चढउतार शंभरात एकच्या कसोटीवर ओळखण्यासाठी सुमारे १,८०० स्वतंत्र भूकंप लागतात. वीस टक्क्यांचा चढउतार असेल तर साडेचारशेच्या वर आणि पाच टक्क्यांचा असेल तर सात हजारांच्या वर. याउलट हाती फक्त पन्नास भूकंप असतील, तर चढउतार साठ टक्क्यांचा असल्याखेरीज तो या कसोटीवर दिसणार नाही.

म्हणून पट्ट्याची यादी चालून चालणारा खुंटीजवळच राहिला, तर "चंद्राचा काहीही परिणाम नाही" असे लिहू नये. "मोठा परिणाम नाही" एवढेच लिहावे. आपल्याकडे परिणाम लहान असण्याची कारणेही आहेत. जबलपूर आणि सातपुडा येथील भूकंप पस्तीस-चाळीस किलोमीटर खोलीवरचे होते, आणि खंबातच्या भरतीचे ओझे धुळे-जळगावपासून दोनशे किलोमीटरहून दूर आहे. समुद्राच्या पाण्याने ज्या भ्रंशांवर मोठा ताण येतो, तशी परिस्थिती इथे नाही. पावसाळ्यानंतर धरणात साठलेले पाणी आणि त्यामुळे खडकांच्या भेगांत वाढणारा दाब ही कोयनेसारख्या ठिकाणी भूकंपाशी जोडली गेलेली गोष्ट आहे, पण तिचा ताल वर्षाचा असतो, पक्षाचा नव्हे. ती तिथीच्या रकान्यांत शोधू नये.

ज्यांना दिवसातली भरती तपासायची असेल, त्यांनी चंद्र डोक्यावर येण्याच्या वेळेपासून भूकंप किती तासांनी झाला हे काढून, १२ तास २५ मिनिटांच्या तालावर हीच चाल करावी. खऱ्या अर्थाने त्यासाठी त्या भ्रंशावरचा ताण संगणकावर काढावा लागतो, आणि ते काम शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

मोठी यादी हवी असेल, तर जागतिक नोंदींतून ६ किंवा त्याहून मोठे भूकंप घ्यावेत. असे भूकंप जगभर दरवर्षी सव्वाशे ते दीडशे होतात. नंतरचे धक्के वगळून १,८०० चा पल्ला गाठायला वीस वर्षांच्या आसपासच्या नोंदी लागतील. एवढी पावले पटांगणावर चालता येत नाहीत. त्यासाठी आलेखाचा मोठा कागद घेऊन एका पावलाला एक मिलिमीटर धरावा. चार-चार मुलांनी पाच-पाच वर्षे वाटून घेतली, तर दिवाळीच्या सुट्टीत तिथ्या काढून होतात. दोघांनी एकमेकांचे न पाहता तिथी लिहावी आणि मगच ताळा करावा. जिथे फरक येईल तिथे पंचांग पुन्हा उघडावे. तिथ्या काढणाऱ्याला भूकंपाचे ठिकाण आणि परिमाण दाखवू नये, फक्त तारीख व वेळ द्यावी, म्हणजे समाप्तीच्या काठावरचा एखादा भूकंप नकळत पौर्णिमेकडे ढकलला जात नाही.